शेवटची फरशी

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस ओवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र. आपल्या बेलमाळला दुसऱ्या महायुद्धात झालेल्या विमानतळावर मी प्रबंध लिहिते आहे. १९४३ साली धावपट्टीखाली कोणाकोणाची शेतं गेली? मोजणीला कारकून तुमचे वडील, आपले तात्याच होते ना?

लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू द्या.

ओवी


बेलमाळ, ता. करमाळा, १२ फेब्रुवारी

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता. असो. यादी पट्टीवरच आहे. साहेब गेले, विमानं गेली, सिमेंटच्या फरशा राहिल्या. गाव त्यांवर आजही ज्वारी वाळवतं, मळतं. ज्याचं शेत ज्या फरशीखाली गेलं, ती फरशी त्याची. ऐंशी वर्षांत कोणी दुसऱ्याच्या फरशीवर कणीस टाकलेलं नाही.

आपल्याला फरशी नाही. तात्यांनी मोजणीत लबाडी करून आपलं शेत वाचवलं, असं शाळेत पोरं मला चिडवायची. तात्यांना विचारायचं धाडस झालं नाही. खरं निघालं तर तसंच छाप, पण आधी मला कळव. जन्मभर सलतंय ते.

तुझा आजोबा, वेणीमाधव


सोलापूर, २४ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न.

मोजणीचा मूळ नकाशा सापडला. आताच्या शेताशिवाय पूर्वेकडचं शेवटचं शेतही तात्यांच्या नावावर होतं आणि ते सगळं पट्टीखाली गेलं. त्यांनी काहीच वाचवलं नव्हतं, आजोबा. मग शेवटची फरशी कोण वापरतं? चौकशी करा, आणि वेळेवर जेवत जा.

ओवी


बेलमाळ, ५ मार्च

चि. ओवीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि काठी घेऊन पट्टीवर गेलो. शेवटची फरशी रिकामी होती. शेजारच्या फरशीवर नव्वदीच्या सुगराबी ज्वारी पसरत होत्या. ही कोणाची, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचीच हाय की, आमी तितं कुणाला बसू दिलं न्हाय. त्यांच्या सासऱ्यांनी तात्यांना लई येळा बोलावलं होतं. तात्या म्हणायचे, ज्या हातानं तुमची शेतं लिहून दिली, त्या हातानं तिथं सूप धरवत नाही.

मी पोरांचं ऐकलं आणि मोठ्यांना कधी विचारलंच नाही. सत्तर वर्षं बापाला लबाड समजलो, ओवी. सुगराबींसमोरच रडू आलं.

काल आपली कणसं तिथं नेऊन टाकली. सुगराबींच्या सुना हातभार लावायला आल्या. शनिवारी तूही ये. तिथं उभं राहायची मला अजून सवय नाही.

तुझा आजोबा