रापणकार स्पोर्टिंगचे वाटे

४ मार्च

मैदानाची वीज तोडली. सराव चालू असताना! वायरमन ओळखीचाच. म्हणतो, "टीचर, माझी भाची सलोनीच्या संघात खेळता. पण माका वरसून आर्डर आसा." त्याच्यावर काय ओरडणार? तरी ओरडले. पोरी अंधारात चेंडू शोधत राहिल्या.

मुंबईचे शेठ फोन उचलत नाहीत. हेच शेठ दोन वर्षांपूर्वी स्टेजवर माझ्या शेजारी बसून म्हणाले होते — सिंधुदुर्गाचा फुटबॉल मी देशाला दाखवणार! दाखवला की. दिवे आले, एसी बस आली, गोव्याचे खेळाडू आले, राज्याच्या लीगमध्ये जागा मिळाली. त्याआधी आमची वाडी काय करायची? रापणीच्या — किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या — मासळीतून क्लबचा एक वाटा बाजूला काढायची. बांगडा भरपूर मिळाला तर नवे बूट, नाही मिळाला तर अनवाणी. शेठ आल्यावर तो वाटा बंद केला. गरजच काय, म्हणे!

आता शेठची हॉटेलं बुडाली. बस तर बँकवाल्यांनी पेट्रोल पंपावरूनच उचलली, खेळाडूंच्या पिशव्यांसकट.

७ मार्च

गोव्याचे सगळे गेले. सॅविओ, आमचा गोलकीपर, निघताना माझ्या गळ्यात पडून रडला. हातमोजे मात्र क्लबचेच घालून गेला.

१२ मार्च

पुण्याची एक कंपनी क्लब घेणार, अशी कुजबुज होती. आज तिची बाई आली — रसिका. वय पंचविशीचं, बोलणं मधाचं. लॅपटॉप उघडून म्हणाली, "मॅडम, आम्हाला या क्लबच्या भावना जपायच्या आहेत." असं कोणी म्हणालं की मी आधी पर्स सांभाळते.

विचारत विचारत बाहेर काढलं. कंपनीला हवं काय? क्लबचं नाव, लीगमधली जागा आणि सामान. सामने पुण्यात होणार. मैदान नको — जमीन वाडीची सामाईक, ती विकताच येत नाही. खेळाडूंचे थकलेले पगार कंपनी भागवणार. आणि मुलींचा संघ? "सध्या तो प्राधान्यक्रमात नाही, मॅडम."

सलोनी, संघाची कॅप्टन, दारातच उभी होती. तिने ऐकलं. बाहेर जाऊन भिंतीवर चेंडू मारत राहिली. धप्. धप्. धप्. रसिकाला प्रत्येक वेळी दचकायला होत होतं. मला बरं वाटलं!

१५ मार्च

कुस्तोदियो, माझा नवरा, मागच्या ओट्यावर गोलची जाळी शिवत बसला होता. क्लबचा खजिनदार हा, आणि तिजोरी रिकामी झाल्यापासून जाळी शिवतोय! मी त्याला जर्मनीतलं सांगत होते. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात ठेवावी लागतात, पैसेवाला कितीही मोठा असो. इंग्लंडमधले विणकर सांगितले, ज्यांनी उपाशीपोटी सहकारी दुकान काढलं. तासभर बोलले असेन. त्याने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाला, "पेज निवली गो."

तीस वर्षं झाली या घरात येऊन, तरी मी सावंतवाडीचीच राहिले. तळ्याकाठी वाढलेली. हे लोक मला अजून पुरते कळत नाहीत. लग्न झालं त्या वर्षी नारळी पौर्णिमेला पाहिलं — घराघरातून माणसं जाळ्याचा एकेक तुकडा खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर येतायत आणि सगळे तुकडे एकमेकांना शिवतायत. ते झालं म्हणजे रापण. जाळं कोणा एकाचं नाहीच! पावसाळ्यापूर्वी परत उसवायचं, तुकडा ज्याचा त्याच्या माळ्यावर. मी म्हटलं होतं, कशाला हा उपद्व्याप, एकच मोठं घ्या की विकत. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

२३ मार्च

सभा झाली. लाज वाटली.

मी बोलले. चांगली बोलले, हे मला माहीत आहे. शाळेच्या पटांगणातली माणसं तर सोडाच, रस्त्यावरून तारकर्लीकडे निघालेल्या पर्यटकांची गाडीसुद्धा थांबली. म्हटलं — शेठने तुम्हाला दिवे दिले आणि तुमचा वाटा काढून घेतला! कंपनी तुमचं नाव नेईल आणि तुम्हाला त्या नावाचा टी-शर्ट विकत देईल! क्लब आपण चालवू, लहान चालवू, अनवाणी चालवू, पण आपला! टाळ्या पडल्या. मग विचारलं, कोण कोण तयार आहे, हात वर करा.

एकही हात नाही. एकही!

सत्यवान — रापणीचा म्होरक्या, क्लबचा अध्यक्ष — पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. शेवटी म्हणाला, "टीचर, भाषाण झ्याक झाला. पण रापण दर्यात आसताना वाट्याचा बोलूचा नाय. लीगची शेवटची मॅच होवंदे."

रसिकाने लगेच लिहून घेतलं — सभेत विरोध नोंदवला गेला नाही. वा!

२४ मार्च

घरात भांडण. मी म्हटलं, भित्रे आहात सगळे, आणि खजिनदार सगळ्यांत भित्रा. कुस्तोदियो म्हणाला, "तू बोलतस बरा गो. पण तू बोलाक लागलस काय माणसा नुसती आयकत रवतत. इचार करूक इसारतत."

माझ्याशी असं बोलतो! आमटीत मीठ घातलं नाही. गुपचूप जेवला.

६ एप्रिल

कंपनीची आज सही होणार होती. झाली नाही. "छाननी सुरू आहे." काय छानतात? दोन गोलपोस्ट, एक रोलर आणि उंदरांनी खाल्लेली मॅट!

१९ एप्रिल

आता म्हणे कंपनीच माघार घेतेय. परवा म्हणे दुसरीच कोणी घेतेय, बेळगावची. काल रसिकाचा फोन — "मॅडम, अफवांवर विश्वास ठेवू नका, आम्ही कमिटेड आहोत." मग सही करा! "प्रोसेस आहे, मॅडम."

मी आजवर मंत्र्यांना स्टेजवर गप्प केलंय. पण ज्याच्याशी भांडायचं तो समोरच नसेल तर? प्रोसेसशी कसं भांडायचं?

लीगमधला पोरांचा संघ मात्र खेळतोय. पगार नाही, कोच नाही, बस नाही. सत्यवानच्या टेम्पोतून जातात. परवा प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली की आमच्या संघाला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास येतो. रेफ्रीने म्हणे तक्रार फेटाळली — नियमपुस्तकात वासाबद्दल काही नाही.

२ मे

तारीख ठरली. पंचवीस मेला रसिका वकिलाला घेऊन येणार, सह्या घेणार, सामान ट्रकमध्ये घालून नेणार.

मी पुन्हा सत्यवानकडे गेले. तो होडीला डांबर लावत होता. म्हटलं, सत्यवानभाऊ, आता तरी बोला. सलोनी तुमची सख्खी पुतणी! म्हणाला, "टीचर, चाय घेतास?"

१८ मे

शेवटचा सामना. कोल्हापूरचा संघ, पाऊस येईल असं आभाळ, आणि गोलमध्ये आमचा मच्छीविक्रेता ओंकार, कारण सॅविओचे हातमोजे गोव्यात. तीन-एक हरलो. आमचा एक गोल झाला तेव्हा माणसं अशी ओरडली की समोरच्या गोलकीपरने मागे वळून पाहिलं, दोन झाले की काय म्हणून.

शिट्टी वाजली. सत्यवान माझ्याजवळून जाताना म्हणाला, "चला. रापण इली वाळूत."

रात्रभर मनात भाषण जुळवतेय. उद्या सगळे बसणार आहेत. उद्या मी त्यांना हलवणारच.

१९ मे

लिहितेय. रागाने.

सकाळी किनाऱ्यावर त्यांनी रापण उसवली, दरवर्षीसारखी. तुकडे खांद्यावर टाकून थेट मैदानावर आले. मला वाटलं, आता सभा. मी उभी राहिले. पाहते तर दोघे जण पान्यांनी गोलपोस्ट खोलतायत!

सगळा क्लब मैदानावर मांडला. ढीग केले — मासळीचे करतात तसे. एकेक चेंडू, शर्टांची जोडी, खुर्ची, बादली, कॉर्नरचे झेंडे, रोलर, ट्रॉफ्या. सत्यवान पाठमोरा उभा राहिला. मागून कोणीतरी ढिगावर हात ठेवून विचारायचं, "ह्यो कोणाचो?" आणि तो न बघता नाव घ्यायचा. हसत होते! जत्रेसारखे! ज्याला गंजकी बादली मिळाली त्याला चिडवत होते — "बादलीर नाव घाल रे, बेस्ट प्लेअर!"

मी ओरडले, हे काय करताय? क्लब वाटून खाताय? कोणी ऐकलं नाही. उलट मागून विचारलं गेलं, "ह्यो कोणाचो?" आणि सत्यवान म्हणाला, "टीचरचो."

मी वळून पाहिलं. गोलचा आडवा दांडा.

म्हटलं, मी तुमच्या दोराला कधी हात लावलेला नाही, मला नको. सत्यवान म्हणाला, "वाटो नको म्हणूचा नाय, टीचर." दोघांनी तो उचलून आमच्या परसात आणून टाकला. कुस्तोदियोच्या वाट्याला जाळी आली. स्वतःच शिवलेली.

ज्यांच्यासाठी मी घसा फोडला ते हे.

२५ मे

रसिका आली, वकील आला, रिकामा ट्रक आला.

"सामान कुठेय?"

सत्यवान म्हणाला, "वाटला."

"वाटलं म्हणजे?"

"वाटे झाले. ज्याचो तो घेवन गेलो."

वकिलाने घाम पुसला. रसिका माझ्याकडे वळली. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत का यांना?" मी! मला तर विचारलंसुद्धा नाही!

नाव आणि लीगची जागा तेवढी राहिली होती. मी सत्यवानच्या कानाशी लागले — नाव देऊ नका, नाव गेलं की काय उरलं? त्याने रसिकाला एकच विचारलं, "पोरांचे पगार देतास मा?" ती म्हणाली, हो, सहीबरोबर. "मगे नाव घेवन जावा."

सही केली. सावकाश, एकेक अक्षर. रापणकार स्पोर्टिंग आता पुण्यात राहतो.

११ जून

पेपरात फोटो. नवा लोगो — त्यावर मासा. मासासुद्धा चुकीचा! हा नदीतला आहे.

२६ जून

परसातला दांडा दोन माडांना बांधला आणि त्यावर धुणं घातलं. एवढा तरी उपयोग होऊ दे.

सलोनी डाळिंबं द्यायला आली होती. दांड्याकडे बघून हसली. "टीचर, आता गोल मारलो तर टॉवेलात जातलो!" मला हसू आलं नाही. विचारलं, तुझा संघ गेला, तुला काहीच वाटत नाही? म्हणाली, "माझ्या वाट्याक झेंडे इलेत. उशाखाली ठेवलंय." जाताना वळून म्हणाली, "गंजाक देव नको हां. तेल लावा."

लावलं नाही.

२० जुलै

सावंतवाडीत व्याख्यान. विषय — सहकार आणि आपण. शेवटी मी वाडीचंच उदाहरण दिलं. म्हटलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आपली माणसं संस्था उभी करतात आणि मग मासळीसारखी वाटून खातात! काय टाळ्या पडल्या. कुस्तोदियो मागच्या रांगेत होता. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसला. कुडाळ आलं तेव्हा म्हणाला, "बरा बोललस."

तेवढंच.

९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

सकाळी मैदानावर शिट्टी वाजली. ओट्यावर येऊन पाहिलं.

माणसं येतायत. खांद्यावरचा जाळ्याचा तुकडा किनाऱ्यावर ठेवतात, घरी जातात आणि परत येतात — चेंडू घेऊन, खुर्ची घेऊन, ती गंजकी बादली घेऊन. सत्यवान रोलर ओढत आणतोय. सलोनीने कोपऱ्यांत झेंडे रोवलेत. आमच्या बाजूच्या गोलचे दोन्ही खांब उभे राहिले, जाळी आली. वर मात्र नुसतं आभाळ.

कोणी हाक मारत नाही. आमच्या घराकडे तोंड करून उभे आहेत सगळे.

धुणं ओलंच ओढून काढलं. गंज हाताला लागला. एवढा लांब दांडा एकटीला उचलत नाही, आणि कुस्तोदियो दुसऱ्या टोकाशी कधीचा येऊन उभा आहे.

निघते.