सात महिन्यांची डबी

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. यावेळी खरोखर वाकून, कंबर दुखतेय तरी.

मी बरी आहे. आईचा गुडघाही बरा आहे. तुझा विषय काढायला ती रोज दोन जिने चढून माझ्याकडे येते, यावरून ओळख. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, म्हणते.

आता कामाचं. तेल-पाणी वेगळं कसं होतं, ते मी संगणकात घडवून बघते, हे तुला माहीत आहेच. 'रिकामटेकडेपणा' म्हणतेस तू त्याला. तर गेल्या महिन्यात मी तू बनवून विकतेस तेच हाताचं क्रीम संगणकात घातलं. तेल इतकं, पाणी इतकं. तीन दिवस ढिम्म! थेंब हलेना. आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सगळीकडे अगदी सारखंच मिश्रण भरलंयस. कुठेतरी कणभर कमी-जास्त नको? सुरुवात कोण करणार?"

चिमूटभर गोंधळ घातला. लगेच थेंब जमले, लहान मोठ्यांत शिरले, संध्याकाळपर्यंत वर तेल, खाली पाणी. मी नाचले. म्हटलं, बघा, वेगळं होणारच, मी म्हणत होते!

बाईंनी माझ्या टेबलावरची तुझ्या क्रीमची डबी उघडली. तुझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी मी घेतलेली.

"मग हे कसं फुटलं नाही? तुझ्या गणितात तेल-पाणी धरून ठेवणारं मेण कुठाय? ती ढवळते कशी, ते कुठाय? बहिणीला विचार."

ताई, सात महिने मी रोज सकाळी झाकण उघडते. आधी फुटायचीच वाट बघत होते, लपवत नाही. फुटलं नाही.

त्या दिवशी तुझ्या पहिल्या गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "दोन महिन्यांत याचं तेल-पाणी वेगळं होणार." उचलली जीभ लावली टाळ्याला. दोघीजणी आल्या पावली परत गेल्या. तू नुसती झाकणं लावत राहिलीस. ते आठवलं की मला रडू येतं. तेव्हापासून तू फोन करशील म्हणून मी थांबलेय, मी करेन म्हणून तू. दोघी ढिम्म.

म्हणून सुरुवात मी करते. रविवारी दुकानात येते, चांगली गर्दी असताना. डबी वर धरून सगळ्यांना सांगेन, सात महिने झाले, फुटलं नाही, चूक माझी होती. मग मेणाचं सांग, नाहीतर हाकलून दे.

पण हाकलण्याआधी डबी भरून दे. रोज बघता बघता मीच संपवली आहे.

तुझी,
गणित चुकलेली, पण हात मऊ असलेली
धाकटी