हँडलवरची टोपी

आबा, मी एकदा तुमची टोपी उचलून घरी आणली होती. चौथीत होते. एरंडोलच्या सबस्टेशनवर तुमचा डबा द्यायला आले, तर ब्रेकरच्या हँडलला तुमची पांढरी टोपी अडकवलेली, आणि तुम्ही कुठल्याशा शिवारात विजेच्या खांबावर. मला वाटलं, विसरलात. मळलीही होती, म्हणून आईला धुवायला दिली आणि शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही आलात, दोरीवरच्या ओल्या टोपीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मारलं नाहीत, ओरडलातही नाही. "ती टोपी नही व्हती, बेटा. तठे मी व्हतू." एवढंच म्हणालात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

तुमची ती रीत मला मग आईनं समजावली. दुरुस्तीला निघताना लाइन बंद करून हँडलला टोपी अडकवायची. काम झालं की तुम्ही स्वतः सायकलवर परत येणार, टोपी काढून डोक्यावर घालणार, आणि मगच ऑपरेटर लाइन चालू करणार. रजिस्टर होतं, सह्या होत्या, पण तुमचा भरवसा टोपीवर. तुम्ही रस्त्यानं उघड्या डोक्यानं जाताना दिसलात की दुकानदार एकमेकांना सांगायचे, "आबा बोडका शेतस, आते लाइट येवाव नही." मी टोपी घरी नेली त्या दिवशी ऑपरेटर चाचांना हँडलला टोपी दिसेना, पण तुम्हीही परत आलेले दिसला नव्हतात, म्हणून ते हाताची घडी घालून बसून राहिले. अख्ख्या शिवारातल्या मोटारी दुपारभर बंद, लोक फाटकाशी येऊन त्यांना शिव्या देऊन गेले. त्यांनी त्या ऐकून घेतल्या म्हणून मला वडील राहिले.

पुढे तुम्ही मला इंजिनियर केलंत आणि मी तुमच्याच खात्यात लागले, फक्त खांबावर चढायचं सोडून बाकी सगळं करणारी. माझ्या वाट्याला बिनतारी यंत्रणा आली. तुम्ही लोक तार तुटली की कपाशीतून, केळीच्या बागांतून कोस-कोस चालत ती शोधायचात. आता खांबावर पेटी असते, तिला अँटेना असतो, बिघाड कुठल्या दोन खांबांच्या मध्ये आहे ते ती धुळ्याच्या कंट्रोल रूमला कळवते, आणि तिथल्या खुर्चीवरून ती लाइन बंद किंवा चालू करता येते. याचा मला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर आजही आहे. जिथे दोन-दोन दिवस अंधार असायचा तिथे आता तासाभरात लाइट येतो. तुमचे पाय त्यामुळे वाचले असते, आबा.

पण एरंडोलला पहिली पेटी बसली त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे, आणि मघापासून इकडचं तिकडचं लिहिते आहे. मांडव घातला होता, धुळ्याहून साहेब आले होते. तुम्ही निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, मी न बोलावता, तुम्ही मागच्या खुर्चीवर येऊन बसला होतात. मी फोन केला आणि समोरच्या खांबावरचा स्विच धुळ्याहून उघडला गेला, लाइन बंद झाली. टाळ्या पडल्या. शंका विचारा म्हटल्यावर तुम्ही उठलात. "बंद करशात, ते ठीक शे. पन चालू कराना येळे खांबवरला मानूसले कोन इचारी?"

मला लाज वाटली. प्रश्नाची नाही, तुमच्या बोलीची, आणि साहेबांसमोर माझा बाप लाइनमन होता हे उघडं पडलं याची. मी हसत म्हणाले, "आबा, आता टोपीचे दिवस गेले." सगळा मांडव हसला. तुम्हीही हसलात, टोपी सारखी केलीत, खाली बसलात. माझं आवरून मी शोधायला आले तेव्हा तुम्ही एसटीनं निघून गेला होतात. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचात, मेहरूणच्या माझ्या घराला रंग कोणता द्यावा ते सांगायचात, पण माझ्या कामाबद्दल परत एक शब्द विचारला नाहीत. मीही कधी विषय काढला नाही. वाटायचं, म्हातारा रुसला आहे, येईल ताळ्यावर.

मागच्या महिन्यात पारोळ्याच्या बाजूला एक लाइनमन खांबावर असताना लाइन चालू झाली. त्यानं फोन करून रीतसर लाइन बंद करून घेतली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर 'माणूस कामावर' अशी लाल खूणही होती. पाळी बदलली, दुसऱ्याच गावाहून कुणाचा तरी 'काम झालं' म्हणून फोन आला, आणि खुर्चीवरच्या नव्या माणसानं चुकून याची खूण काढली. ती कुणालाही काढता यायची, मीच तसं ठरवलं होतं, म्हणजे कामाला उशीर नको. तो वाचला, पण उजवा हात कोपरापासून गेला. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याची बायको त्याला वरण-भात भरवत होती. तो मला म्हणाला, "मॅडम, मी फोन करेल व्हता ना." तीन वेळा म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

आता मी नियम बदलला आहे. खांबावर चढणाऱ्याच्या मोबाइलवर एक आकडा जातो. उतरल्यावर त्यानं स्वतः तो कळवल्याशिवाय कंट्रोल रूममधून लाइन चालूच होत नाही. बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?" मी म्हणाले, "विचार करता करता सुचलं."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. चौकशीत माझा लेखी जबाब घेतला. त्यात मी लिहिलं आहे की असा धोका संभवतो हे यापूर्वी कोणीही निदर्शनास आणून दिलं नव्हतं. खाली माझी सही आहे. चौकशी अजून चालू आहे, जबाब बदलून देता येतो असं कारकून म्हणाला. त्याला आठ दिवस झाले, आबा, आणि मी तो अजून बदललेला नाही.