टॉवेलात गुंडाळलेले ओट्स

मंगळवार, दिवेलागण. जैनथ.

काल यमुनेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस गॅसपाशी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी आज ही म्हणते, "तुमाले चहा तरी धड जमते का? सकाळी मीच उठीन."

म्हणून मुलीनं सांगितलेले ओट्स दुधात भिजत घातले. रात्रभर भिजले की तसेच खायचे, गॅस पेटवायलाच नको. चौथीतली पाखरांची कविता गुणगुणत होतो, मनानं त्या वर्गातच. आणि डबा टॉवेलात गुंडाळून उबेला ठेवून दिला, विरजणासारखा! फोनवर हे सांगितलं तर मुलगी ओरडली, "बाबा, ते का दही हाय? नासन ना! फ्रिजात ठेवा."

ठेवला. पण तोवर उबेत होताच की. दूध नासलं असेल? नासलं तर ही उठणारच, आणि डोळ्याला काही झालं तर...

दोनदा झाकण उघडून वास घेतला. काही कळेना.

"काय हुंगून राह्यले? आणा इकडं," यमुना खाटेवरूनच म्हणाली. तिनं चमचाभर चाखलं.

"दूध चांगलं हाय. सकाळी मले सोडून एकटेच खासान तर पाहा!"

म्हणजे उद्या गॅसपाशी जायला उठत नाही ती.