गाडीचा काटा आणि गुलाबी ठिपका

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे अष्टांगांपैकी सातच टेकली आहेत, आठवं मनाने टेकलं असं समजावं.) तुमचा रक्तदाब आणि ताईचा तुमच्यावरचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो.

पत्राचं कारण एकच, आभार. मुलाकडे राहायला जाताना तुम्ही आपली गाडी मला दिलीत. आवळलेल्या प्रत्येक नटावर ताईच्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि ठिपका दिसला की निर्धास्त राहायचं, ही शिस्तही दिलीत. (मीही देतो, पण पांढरा रंग. हिने नेलपॉलिशला हात लावू दिला नाही.) तर गाडीचा तापमानाचा काटा पहिल्याच दिवसापासून चौकापर्यंत पोचायच्या आत लाल पट्ट्यात जाऊ लागला. हिने बजावलं, "रविवारी माझ्या आईला दवाखान्यातून याच गाडीने घरी आणायचं. जमलं नाही, तर सोमवारी ही भंगारात." तुम्ही मायेने दिलेली गाडी भंगारात? मी बाह्या सरसावल्या. कुठल्याही संस्थेची पायरी न चढता मी इंजिन शिकलो आहे, हे तुम्ही जाणताच. रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप बदलला, शेवटी थर्मोस्टॅटच काढून ठेवला, म्हणजे पाणी अखंड फिरत राहील. काटा लालमध्येच! (एका भागाला मात्र मी हात लावला नव्हता. त्याचं कारण खाली येईल.)

गाडीत शेजारी बसलेली ही काल म्हणाली, "अहो, इंजिन एवढं पेटलंय, मग हीटरचं वारं गार कसं? माझे पाय गारठलेत." मी गाडी बाजूला घेतली. पाण्याच्या नळीला हात लावला, तर ती जेमतेम कोमट. भावोजी, थर्मोस्टॅट काढल्यामुळे इंजिन तापतच नव्हतं, काटा खोटं बोलत होता! या गाडीत तापमानाचे सेन्सर दोन: एक कॉम्प्युटरला खबर देतो, दुसरा काट्याला. काट्याचा सेन्सर काढून दुधाच्या पातेल्यात गरम पाण्यात धरला (पातेलं आता माझंच झालं आहे, घरात कुणी त्याला शिवत नाही) आणि मीटरने त्याचा विद्युतरोध मोजला. आटे तेच, पिन तीच, पण आकडे भलत्याच मॉडेलचे! त्यामुळे कोमट पाणीही काट्याला उकळतं वाटे. योग्य सेन्सर बसवला, थर्मोस्टॅट परत घातला. काटा आता मधोमध, हीटर गरम, आणि ही चक्क मला "बरं केलंत" म्हणाली. हा दिवस तुमच्यामुळे दिसला. ऋणी आहे.

ताईला नमस्कार.

तुमचा उपकृत मेहुणा

ता. क. हात न लावलेला भाग म्हणजे तो सेन्सरच. त्यावर गुलाबी ठिपका होता, म्हणून मी निर्धास्त राहिलो. हिला "आधीच्या कुणा मेकॅनिकने चुकीचा बसवला" एवढंच सांगितलंय.

पुन्हा ता. क. पत्र हिने वाचलं.

शेवटचा ता. क. आज चाकं काढली तेव्हा ब्रेकच्या चारही नळ्यांच्या नटांवर गुलाबी ठिपके दिसले. तिथे कुठल्या मॉडेलचं काय बसवलंत, ते पत्र मिळताच फोनवर कळवा. सासूबाई रविवारी रिक्षाने येत आहेत. भंगारवाल्याला मी बुधवारपर्यंत थोपवून धरलंय.