अर्धा एकर शेनिन

अप्पा, सकाळपासून तीनदा हे लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा डिशवॉशर रिकामा केला, एकदा उगाच गाडी काढून इंडियन स्टोअरपर्यंत गेले आणि काहीही न घेता परत आले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमच्याशी काही बोलायचं राहिलंय हे अधूनमधून मनात येऊन जायचं, पण खुर्चीत बसवून ठेवील असं काही घडलं नव्हतं. आता ते तुमच्या नातीनं घडवलंय. ती स्टेट कॉलेजला पिकांच्या शास्त्रात मास्टर्स करते. यंदा द्राक्षतोडणीच्या हंगामात फ्रान्सला जायचं म्हणून तिनं अर्ज करायला घेतलाय. जागेचं नाव वूव्रे, लुआर नदीच्या काठी. एका कुटुंबाची लहानशी वाइनरी, बागेत फक्त शेनिन, वाइनची पांढरी द्राक्षं. फोनवर तिनं ते नाव घेतलं, आणि मी इथे अमेरिकेत, कॅरीतल्या किचनमध्ये हातातला चमचा तसाच धरून उभी राहिले.

वूव्रे हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला होता. नाशकातल्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपबरोबर तुम्ही तिकडे आठ दिवस गेला होतात. परत आल्यावर ओसरीवर बसून तुम्ही आईला सांगताय, आणि मी दारात उभी राहून ऐकतेय. तिकडे मांडव नसतो, वेल कमरेएवढेच, दिवसभर वाकून काम. डोंगराच्या कड्यात मऊ पांढरा दगड कोरून तळघरं केलीत, तिथं भर उन्हातसुद्धा अंगावर काटा येतो. सगळी बाग एकदम तोडत नाहीत, पिकतील तसे घड निवडत त्याच ओळीतून तीन-तीन, चार-चार वेळा फिरतात. बागेची मालकीण म्हातारी होती. तिला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला तिची. तिनं तुम्हाला मणी चावून बी बघायला शिकवलं, बी तपकिरी झालं की घड तयार. आपलं थॉमसन बिनबियांचं, म्हणून तुम्हाला त्याचं केवढं अप्रूप. वाइनचा एक घोट घेतलात हेही तुम्ही आईला लपवलं नाहीत. आंबट आहे, पण मागून मधासारखा वास येतो, म्हणालात. त्याच वर्षी विहिरीकडच्या अर्ध्या एकरात तुम्ही शेनिन लावलीत.

तिसऱ्या वर्षी तिला पहिला माल धरला आणि त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. सासरची माणसं रविवारी घर आणि मळा बघायला येणार होती. तुम्ही जेवत होतात, मी भाकरी वाढत होते. मी म्हणाले, "त्यांना काय सांगू? माझे वडील दारूची द्राक्षं लावतात?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "द्राक्ष ते द्राक्षच असतं गं."

"मग त्यांना विहिरीकडे नेऊ नका."

तुम्ही नेलं नाहीत. रविवारी पाहुण्यांना थॉमसनचा मांडव दाखवून रस्त्यावरूनच मागे फिरवलंत. लग्न झालं, मी इकडे आले. एप्रिलच्या छाटणीत तुम्ही शेनिन बुडापासून कापून काढलीत. फोनवर आई म्हणाली, मूळकूज झाली म्हणे. मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "जाऊ दे ते. तुझ्याकडे थंडी किती आहे?" तुम्ही गेल्यावर मी आले होते तेव्हा आईनं भांडी पुसता पुसता सांगितलं, की वेल चांगले हिरवेगार होते, कापताना खोडातून पाणी ठिबकत होतं, आणि तुम्ही गड्यांना न बोलावता एकट्यानं कापलेत. आईला कारण माहीत नव्हतं. मला होतं.

आणखी एक सांगते. आमच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला सासू-सासरे इथे आले होते. टेबलावर बाटली उघडली तेव्हा मामंजींनी अगदी सहज ग्लास पुढे केला. मला विचारलं, तुमच्या नाशकात आता वाइनची द्राक्षं होतात ना? मी भात आणायला उठले.

मी एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. बॅच बिघडली तर का बिघडली, त्याचं खरं कारण शोधून लिहायचं, हेच माझं काम. बावीस वर्षं करतेय. आणि परवा मुलीनं फोनवर विचारलं, "आई, आजोबांची शेनिन कशानं गेली? व्हॉट डिसीज?" अर्जासोबतच्या निबंधात तिला तुमच्यावर लिहायचं होतं. मी म्हणाले, मीटिंग आहे, नंतर बोलते. मीटिंग नव्हती. पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसून राहिले. ती इतक्या आवडीनं तुमचं लिहिणार आणि त्यात मूळकूज लिहिणार, हे काही सहन होईना.

काल मीच फोन केला. रोग कुठलाच नव्हता, म्हणाले. वेल चांगले होते. आजोबांनी स्वतःच्या हातानं कापले, कारण माझं लग्न ठरलं होतं आणि दारूची द्राक्षं म्हणून घरात बोलणं झालं होतं. मग तिनं विचारलं, "कोण बोललं?"

अप्पा, उत्तर तोंडाशी आलं होतं. एकाच शब्दाचं होतं. पण मी म्हणाले, "तुझ्या बाबाच्या बाबांना चाललं नसतं." तेही आता नाहीत, त्यामुळे तिला कुणाला विचारता येणार नाही. ती म्हणाली, ओह, दॅट्स सो सॅड, आणि निबंधात ते तसंच घातलं. आज रात्री बारापर्यंत अर्ज भरायचाय. आता दुपारचे दोन वाजलेत. मी अजून तिला फोन केलेला नाही.