मासेवाल्याचा बर्फ

गुरुवार, संध्याकाळ. चंद्रपूर, दवाखान्याचा व्हरांडा.

आरागिरणीत सुधाकरचा, माझ्या धाकट्या भावाचा, उजवा हात मनगटातून तुटला, त्याला आठ दिवस झाले. काका तेव्हाच म्हणाले, "तुटल्या हाताले हळद लावून मातीत पुरून दे, अन् पोराले घेऊन निघ." मी त्यांना अडाणी म्हटलं. अहेरीच्या बाजारातून मासेवाल्याचा बर्फ आणला, तुटलेला हात त्यात खुपसला आणि चंद्रपूरपर्यंत स्वतःच्या अकलेवर खूश होतो. थेट बर्फात!

सर्जन म्हणाले, "स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधायचा, मग ती पिशवी बर्फावर. हा गोठून मेला." नाहीतर जोडला गेला असता? कदाचित नसताही. पण थेट बर्फात... काकांची हळद निदान नम्र होती.

आता उरलेला हात सडतोय. उद्या कोपराच्या वर कापणार.

"भाऊ, बोटं लई दुखून राह्यली."

"कोणती रे?"

"जे नाईत तेच."

नर्सनं संमतीचा कागद आणला. काका म्हणाले, "तूच कर सही बाबू, आपल्यात शिकलेला तूच."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणत होते. मी सही केली.